वाचकांचे प्रश्न : दोन महायुद्धांच्या मधला ब्रिटन

गेल्या अंकात १९१९ ते १९३९ या वीस वर्षांतल्या ब्रिटिश परराष्ट्र धोरणावर प्रश्न मागवले होते. इंदूर, महू, ग्वाल्हेर आणि बडोदा इथून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बऱ्याच पत्रांतला घोळ एकाच ठिकाणी आहे. करार झाला हे ठाऊक असतं, त्यात लिहिलं काय होतं हे पाहिलेलं नसतं. म्हणून जमेल तिथे कलमच पुढे ठेवलं आहे.

‘गांधी-आयर्विन करारातले आयर्विन आणि म्युनिकच्या वेळचे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स हे एकच का? नातवाच्या पुस्तकात दोन वेगळी माणसं असल्यासारखं लिहिलंय.’ (रामबाग, इंदूर)

एकच. मूळ नाव एडवर्ड वुड. १९२५ मध्ये व्हाइसरॉय म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यांना बॅरन आयर्विन ही पदवी मिळाली, म्हणून १९२६ ते १९३१ हिंदुस्थानात ते ‘लॉर्ड आयर्विन’. जानेवारी १९३४ मध्ये वडील वारले आणि घराण्याची व्हायकाउंट हॅलिफॅक्स ही पदवी त्यांच्याकडे आली. फेब्रुवारी १९३८ मध्ये परराष्ट्र खातं हाती घेतलं ते या नावाने. आजोबांना तर आपण सगळे शाळेपासून ओळखतो. १८५४ चा शिक्षणविषयक ‘वुडचा खलिता’ लिहिणारे चार्ल्स वुड ते हेच.

आता जरा मोठं चित्र. या वीस वर्षांत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री दहा झाले: बाल्फोर, कर्झन, रॅम्से मॅक्डोनाल्ड, ऑस्टेन चेंबरलेन, आर्थर हेंडरसन, रीडिंग, जॉन सायमन, सॅम्युएल होर, अँथनी ईडन आणि हॅलिफॅक्स. यांतले कर्झन, रीडिंग आणि हॅलिफॅक्स माजी व्हाइसरॉय. ऑस्टेन चेंबरलेन आणि होर माजी भारतमंत्री. सायमन म्हणजे ‘सायमन परत जा’ मधले सायमन. दहांपैकी सहांची कारकीर्द हिंदुस्थानाला चिकटलेली आहे. इंदूरकरांसाठी एक जवळची खूण: बावला खून प्रकरणानंतर फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग होते. १९३१ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत परराष्ट्र खातं ज्यांच्याकडे होतं आणि जपान-मांचुरियाचा पेच ज्यांच्या टेबलावर आला तेही रीडिंगच.

हिंदुस्थानातल्या अनुभवाने यांचं धोरण घडलं का? थोडं घडलं, पण त्यावरून सगळंच समजावून सांगायला जाऊ नये. होर जून १९३५ मध्ये परराष्ट्र खात्यात आले ते हिंदुस्थान कायद्याच्या विधेयकावर चार वर्षं घालवून, थकून. त्या वर्षाच्या शेवटी त्यांचं जे झालं (ते पुढे ॲबिसिनियाच्या उत्तरात येईल) ते समजून घेताना हे धरावं लागतं. हॅलिफॅक्स तुरुंगातून सुटलेल्या गांधीजींशी समोरासमोर बसून तडजोड करणारे. नोव्हेंबर १९३७ मध्ये बेर्ख्तेसगाडेनला हिटलरने त्यांना सल्ला दिला की गांधींना गोळी घाला. तिथे हजर असलेले ब्रिटिश अधिकारी कर्कपॅट्रिक यांनी हे लिहून ठेवलं आहे. समोरचा माणूस कोण आहे हे हॅलिफॅक्सना त्याच क्षणी कळायला हवं होतं असं आम्हाला वाटतं. त्यांनी मात्र बोलणी चालू ठेवण्याचाच मार्ग धरला.

नावांचे आणखी दोन सापळे. ऑस्टेन आणि नेव्हिल चेंबरलेन हे सावत्र भाऊ. लोकार्नो करारवाले परराष्ट्रमंत्री ऑस्टेन, म्युनिकवाले पंतप्रधान नेव्हिल. आणि ‘बटलर’ दोन. संस्थानांसंबंधी १९२७ साली नेमलेल्या बटलर समितीचे अध्यक्ष सर हारकोर्ट बटलर हे काका. १९३८ पासून हॅलिफॅक्सच्या हाताखाली उपमंत्री असलेले आर. ए. बटलर हे पुतणे. हॅलिफॅक्स लॉर्ड असल्याने कॉमन्स सभागृहात त्यांना उभं राहता येत नसे, म्हणून तिथली रोजची उत्तरं पुतणे बटलर देत. या पुतण्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर १९२५ ते १९३३ मध्य प्रांताचे गव्हर्नर होते, म्हणजे नागपूरला.

‘होळकर, शिंदे, गायकवाड यांना या काळात स्वतःचं परराष्ट्र धोरण होतं का? राजे लोक जिनिव्हाला जात होते ना?’ (जुनी इंदूर)

नव्हतं. होळकरांपुरतं ते ६ जानेवारी १८१८ ला संपलं. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची, तिच्यामागून पंधरवड्यात मंदसौरचा तह. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही राज्याशी बोलणी करायची नाहीत, ही त्यातली अट. ती पुढची सव्वाशे वर्षं टिकली. इंदूरच्या रेसिडेन्सीत मध्य हिंदुस्थानचा एजंट बसे, आणि दरबारचं बाहेरच्या जगाशी जे काही होई ते त्याच्यामार्फत.

राजे जिनिव्हाला, म्हणजे राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) बैठकांना, जात, हे खरं. पण स्वतःच्या संस्थानाचे म्हणून नाही, ‘हिंदुस्थान’च्या शिष्टमंडळातले एक म्हणून. राष्ट्रसंघाच्या सनदेत नव्या सदस्यासाठी पूर्ण स्वशासनाची अट होती. हिंदुस्थान ती पुरी करत नव्हता, पण त्याचं नाव मूळ सदस्यांच्या यादीतच असल्यामुळे अट आड आली नाही. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी, पतियाळा, कपुरथळा, बिकानेर हे वेगवेगळ्या वर्षी गेले. रणजितसिंहजी म्हणजे रणजी करंडकाला ज्यांचं नाव आहे तेच. शिष्टमंडळाला सूचना लंडनच्या इंडिया ऑफिसातून येत, आणि त्याचं नेतृत्व हिंदी माणसाकडे पहिल्यांदा गेलं ते १९२९ साली, सर महंमद हबीबुल्ला यांच्याकडे.

सह्या पाहिल्या की परिस्थिती लख्ख दिसते. व्हर्सायच्या तहावर (२८ जून १९१९) हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची सही आहे. वॉशिंग्टन नौदल करारावर (६ फेब्रुवारी १९२२) श्रीनिवास शास्त्रींची. आणि युद्ध हे धोरणाचं साधन म्हणून सोडून देणाऱ्या पॅरिस करारावर (२७ ऑगस्ट १९२८) हिंदुस्थानसाठी सही केली ती लॉर्ड कुशेंडन यांनी, म्हणजे ज्यांनी ब्रिटनसाठी केली त्यांनीच. सही वेगळी, आसन वेगळं, निर्णय मात्र वेगळा नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात आहे असं जाहीर केलं, ते याच व्यवस्थेला धरून.

‘५:५:३ हे प्रमाण जहाजांच्या संख्येचं की वजनाचं? ब्रिटनने बरोबरी का मान्य केली, आणि हा करार पुढे कुठे फसला?’ (लष्कर, ग्वाल्हेर)

हे प्रमाण वर आलेल्या वॉशिंग्टन नौदल करारातलं. वजनाचं, आणि तेही फक्त मोठ्या युद्धनौकांचं. अमेरिका ५,२५,००० टन, ब्रिटन ५,२५,०००, जपान ३,१५,०००, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी १,७५,०००. विमानवाहू नौकांचा हिशोब वेगळा: अमेरिका आणि ब्रिटन १,३५,०००, जपान ८१,०००, फ्रान्स आणि इटली ६०,०००. एका युद्धनौकेची कमाल मर्यादा ३५,००० टन आणि तोफेचं तोंड १६ इंच. दहा वर्षं नवी मोठी युद्धनौका बांधायची नाही, त्याला अपवाद थोडे. ब्रिटनला मिळालेल्या अपवादातून ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ या दोन नौका झाल्या. त्यांचे तिन्ही तोफबुरूज पुढच्या अंगाला एकापाठोपाठ आहेत. चिलखताने झाकायची लांबी कमी करून वजन ३५,००० च्या आत बसवण्यासाठी.

इथे ‘टन’ म्हणजे काय हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. करारातली व्याख्या अशी: नौका पूर्ण बांधलेली, सगळे खलाशी, दारूगोळा, शिधा आणि खलाशांचं पिण्याचं पाणी यांसह समुद्रावर जायला तयार, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी धरायचं नाही. टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलो. इंधन वगळण्यात ब्रिटनचा स्पष्ट फायदा होता. पोर्ट्समथपासून सिंगापूरपर्यंत जायचं तर टाक्या मोठ्या लागतात. त्या टाक्यांतलं तेल हिशोबात धरलं असतं तर चिलखत आणि तोफा कमी कराव्या लागल्या असत्या. वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच नौकेचं वजन तीन-चार हजार टनांनी वेगळं दिसतं ते यामुळे. एक आकडा कराराचा, दुसरा भरल्या टाकीचा.

बरोबरी का मान्य केली, याचं पहिलं कारण पैसा. ऑगस्ट १९१९ मध्येच मंत्रिमंडळाने ठरवलं होतं की येत्या दहा वर्षांत मोठं युद्ध होणार नाही असं धरून लष्करी खात्यांनी अंदाजपत्रक करावं. १९२८ मध्ये चर्चिल अर्थमंत्री असताना हा नियम रोज सकाळी नव्याने सुरू होणारा केला गेला, म्हणजे दहा वर्षं कधी संपायचीच नाहीत. तो सोडला मार्च १९३२ मध्ये. दुसरं कारण कॅनडा. जपानशी १९०२ पासून असलेली मैत्री चालू ठेवली तर अमेरिका दुखावेल, असं कॅनडाच्या पंतप्रधानांनी १९२१ च्या साम्राज्य परिषदेत ठामपणे मांडलं. ऑस्ट्रेलियाला जपानी मैत्री हवी होती. शेवटी डिसेंबर १९२१ च्या चार सत्तांच्या कराराने ती मैत्री संपवली आणि तिच्या जागी ‘मतभेद झाले तर चर्चा करू’ एवढंच आलं.

करार कुठे फसला ते पाहायला ॲटलास उघडा. १९ व्या कलमाप्रमाणे पॅसिफिकमधल्या ठरावीक बेटांवर नवी तटबंदी किंवा नवे नौदल तळ करायचे नव्हते. ब्रिटनसाठी ही रेषा ११० अंश पूर्व रेखांशाची. हाँगकाँग ११४ अंशांवर, म्हणजे बंदीत. सिंगापूर जेमतेम १०४ अंशांवर, म्हणजे मोकळं. ही रेषा सिंगापूर बाहेर ठेवण्यासाठीच आखलेली होती, कारण तिथे तळ बांधायचं ब्रिटिश मंत्रिमंडळाने जून १९२१ मध्येच ठरवलं होतं. पण मग दहा वर्षांच्या त्या नियमाने पैसा अडवला, सरकारं बदलली, काम थांबलं, परत सुरू झालं. मोठी गोदी उघडली फेब्रुवारी १९३८ मध्ये. तोवर जपानने डिसेंबर १९३४ मध्ये करार सोडत असल्याची सूचना दिली होती आणि १९३६ अखेर तो संपलाही होता. तळ झाला, पण त्यात उभं करायला आरमार युरोपातून मोकळं होईना. योजनेचं मर्मच ते होतं: जहाजं इथे नसतील, वेळ आली की येतील.

जोडून एक. १८ जून १९३५ चा ब्रिटन-जर्मनी नौदल करार याच पद्धतीचा, जर्मनीला ब्रिटिश साम्राज्याच्या एकूण टनांच्या ३५ टक्के. पाणबुड्यांत ४५ टक्के, आणि परिस्थितीनुसार १०० टक्क्यांपर्यंत जायची मुभा. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या मुळीच ठेवू दिल्या नव्हत्या. म्हणजे ब्रिटनने फ्रान्सची संमती न घेता त्या तहाचं एक कलम स्वतःच्या हाताने मोडलं, आणि दोनच महिन्यांपूर्वी इटलीतल्या स्ट्रेसाला फ्रान्स-इटलीबरोबर धरलेली एकजूट त्याबरोबर सैल झाली. आमच्या मते या वीस वर्षांतली ही सर्वांत महाग पडलेली बचत.

‘लोकार्नो करारात ब्रिटनने फ्रान्सला हमी दिली होती, मग १९३६ मध्ये जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं तेव्हा ब्रिटन गप्प का?’ (दांडिया बाजार, बडोदा)

हमी फ्रान्सला नव्हती, सीमेला होती. लोकार्नोला १६ ऑक्टोबर १९२५ ला आद्याक्षरं झाली, लंडनमध्ये १ डिसेंबरला सह्या. जर्मनी-फ्रान्स आणि जर्मनी-बेल्जियम या दोन सीमा जशा आहेत तशा राहतील, असं त्या तिघांनी मान्य केलं आणि ब्रिटन व इटली जामीन राहिले. फ्रान्सने चढाई केली तर ब्रिटन जर्मनीच्या बाजूने, जर्मनीने केली तर फ्रान्सच्या. यातून एक व्यावहारिक अडचण निघाली जी सहसा सांगितली जात नाही. दोन्ही बाजूंना जामीन राहणाऱ्याला एका बाजूच्या सेनापतींबरोबर नकाशावर बसून बेत आखता येत नाहीत. ब्रिटिश आणि फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांची बोलणी झाली ती एप्रिल १९३६ मध्ये, ऱ्हाइनलँड गेल्यावर महिन्याने, आणि तीही वरवरची. पूर्वेकडच्या सीमा, म्हणजे पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया, यांना ब्रिटनची हमी नव्हतीच.

आता ४ थं कलम. करार मोडल्याची तक्रार राष्ट्रसंघाच्या कौन्सिलकडे जायची. ताबडतोब मदत द्यायची ती भंग ‘उघड’ असेल तर, आणि जामीनदाराची स्वतःची खात्री पटली की सीमा ओलांडल्यामुळे, लढाई सुरू झाल्यामुळे किंवा निर्लष्करी पट्ट्यात (ऱ्हाइनलँड हाच तो पट्टा) सैन्य जमवल्यामुळे तातडीने हालचाल आवश्यक आहे तर. ७ मार्च १९३६ ला भंग उघड होता, यात वाद नाही. पण फ्रान्सच्या सीमेवर हल्ला नव्हता, आणि ‘तातडीने आवश्यक’ हे ठरवायचं ब्रिटनने होतं. ब्रिटनने ठरवलं, आवश्यक नाही. फ्रान्सही एकट्याने निघाला नाही.

तुमच्या पत्रात ‘हिंदुस्थानही बांधला गेला’ असं आहे, तेवढं दुरुस्त करा. ९ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की कोणत्याही वसाहती राज्यावर (कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या) किंवा हिंदुस्थानवर, त्यांच्या सरकारने मान्यता कळवल्याशिवाय, या कराराचं बंधन नाही. ती मान्यता कोणीच कळवली नाही.

‘इटलीवर पन्नास देशांनी बहिष्कार घातला तरी ॲबिसिनिया का वाचला नाही? आमच्या वाचनमंडळात यावरून दोन तट पडले आहेत.’ (रावपुरा, बडोदा)

तारखा ओळीने ठेवल्या की बरंचसं आपोआप उलगडतं. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीचं सैन्य ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) शिरलं. ७ ला राष्ट्रसंघाच्या कौन्सिलने इटलीला दोषी ठरवलं. इथवरची गती त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. मग चार ठराव: शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज आणि उधारी द्यायची नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही, आणि ठरावीक माल इटलीला द्यायचा नाही. शेवटचे दोन लागू व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला, म्हणजे दीड महिना गेला.

चौथ्या ठरावाची यादी वाचा. घोडे, खेचरं, गाढवं, उंट आणि ओझ्याची इतर जनावरं. रबर. बॉक्साइट, ॲल्युमिनियम, लोखंडाचं खनिज आणि मोडीत निघालेलं लोखंड. क्रोमियम, मँगनीज, निकेल, टंगस्टन. कथील. आता यादीत काय नाही ते पाहा: तेल नाही, कोळसा नाही, पोलाद नाही. निकष असा ठेवला होता की जो माल मुख्यतः सदस्य देशांच्याच हातात आहे तोच रोखायचा, कारण बाकीचा बाहेरून मिळणारच. अमेरिका राष्ट्रसंघात नव्हती, जर्मनी आणि जपान बाहेर पडले होते. निकष तर्काला धरून होता, पण परिणाम असा झाला की ज्याच्यावाचून मोटारी, टँक आणि विमानं चालत नाहीत तेच मोकळं राहिलं. तेल घालायचं की नाही हे डिसेंबरच्या मध्यावर ठरायचं होतं.

आणि नेमकं त्याच्याआधी, ७-८ डिसेंबरला, होर पॅरिसमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांच्याबरोबर बसले. बेत असा झाला की ॲबिसिनियाने मोठा मुलूख इटलीला द्यावा, दक्षिणेत आणखी मोठ्या भागावर इटलीला आर्थिक मक्तेदारी मिळावी, आणि बदल्यात ॲबिसिनियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी. लंडनच्या ‘टाइम्स’ने तिला ‘उंटांची वाट’ म्हटलं. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत बेत फुटला, ब्रिटनमध्ये लोक खवळले आणि १८ डिसेंबरला होर यांनी राजीनामा दिला. लोक खवळले याला भक्कम कारण होतं. त्याच उन्हाळ्यात निकाल लागलेल्या तिथल्या शांतता मतपत्रिकेवर, म्हणजे राष्ट्रसंघाच्या समर्थकांनी घेतलेल्या खासगी मतदानात, सुमारे १ कोटी १५ लाख लोकांनी मत दिलं होतं. आक्रमकाविरुद्ध आर्थिक उपाय हवेत असं १ कोटीहून जास्त म्हणाले. गरज पडल्यास लष्करी उपायही हवेत असं सुमारे ६८ लाख. १४ नोव्हेंबरची निवडणूक पंतप्रधान बाल्डविननी राष्ट्रसंघाचं नाव घेऊन जिंकली होती. तीन आठवड्यांत त्यांच्याच मंत्र्याने हे केलं. तेलाचा ठराव त्या गडबडीत पुढे ढकलला गेला तो गेलाच.

सुएझचा मुद्दा पत्रात आहे. कालवा कंपनीचे सुमारे ४४ टक्के शेअर १८७५ पासून ब्रिटिश सरकारचे होते, तरी कालवा बंद करायचा अधिकार त्यातून येत नाही. १८८८ च्या कराराने कालवा युद्धातही सगळ्या झेंड्यांना मोकळा ठेवलेला होता. राष्ट्रसंघाच्या सनदेचा आधार घेऊन तो करार बाजूला सारता आला असता असा युक्तिवाद तेव्हाही झाला. खरी अडचण आरमाराची होती. कालवा अडवला तर इटली लढेल, फ्रान्स येईल याची खात्री नाही, भूमध्य समुद्रातल्या ताफ्यापाशी विमानविरोधी दारूगोळा तुटपुंजा, आणि दोन-चार युद्धनौका बुडाल्या तर पूर्वेकडे जपान मोकळा. सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला सांगत होते की जर्मनी, जपान आणि इटली या तिघांशी एकदम लढता येणार नाही, त्यांतला एक तरी शत्रू कमी करा.

म्हणून तुमच्या दोन्ही तटांना अर्धं अर्धं मिळेल. बहिष्काराने इटलीची निर्यात कोसळली आणि सोनं वेगाने बाहेर जाऊ लागलं. डिसेंबरमध्ये रोममध्ये बायकांनी लग्नाच्या अंगठ्या सरकारला दिल्या, त्यामागे ही टंचाईही होती. पण असा बहिष्कार लागू पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. इटलीने विषारी वायू वापरून युद्ध सात महिन्यांत संपवलं, ५ मे १९३६ ला आदिस अबाबा पडलं. ॲबिसिनियाचे सम्राट हैले सेलासी ३० जूनला जिनिव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि १५ जुलैला बहिष्कार उठला. ज्या माणसाने सनदेवर विश्वास ठेवून दाद मागितली त्याच्या डोळ्यांदेखत हे झालं, हे विसरून या प्रकरणावर लिहू नये.

‘चेंबरलेननी विमानतळावर फडकवलेला कागद म्हणजे म्युनिक करारच ना?’ (जनकगंज, ग्वाल्हेर)

नाही. म्युनिक करार चौघांचा, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांचा; चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग जर्मनीला देणारा. त्यावर तारीख २९ सप्टेंबर १९३८ आहे, सह्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ३० ला झाल्या. चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी हॉटेलात बसून होते. त्यांना निकाल सांगण्यात आला. हेस्टन विमानतळावर फडकवला तो दुसराच कागद: ३० ला सकाळी हिटलरच्या घरी जाऊन चेंबरलेननी सही करून घेतलेलं, तीन छोट्या परिच्छेदांचं दोघांचं निवेदन. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं आहे की काल रात्रीचा करार आणि ब्रिटन-जर्मनी नौदल करार ही दोन्ही राष्ट्रांची पुन्हा कधीही एकमेकांशी न लढण्याची इच्छा दाखवणारी प्रतीकं आहेत. वर ३५ टक्क्यांचा जो करार सांगितला तोच हा. हिटलरने तो २८ एप्रिल १९३९ ला फेटाळला.

‘मूळ कागद वाचायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?’ (महू)

छापील संग्रहापासून. ब्रिटिश सरकारने १९१९ ते १९३९ ची निवडक कागदपत्रं मोठ्या मालिकांत छापली आहेत: पहिली १९१९ पासून, पहिली-अ १९२५ पासून, दुसरी साधारण १९२९-३० पासून, आणि तिसरी मार्च १९३८ ते सप्टेंबर १९३९. म्युनिक आणि पोलंडसाठी थेट तिसरी घ्या. त्या काळी संसदेपुढे ठेवलेल्या छापील पुस्तिकाही उपयोगी, पण जपून. सप्टेंबर १९३९ ची पोलंडवरची पुस्तिका (सीएमडी ६१०६) युद्ध सुरू होताना छापलेली, वगळावं ते वगळून. शिवाय सांकेतिक तारा छापताना त्यांचे शब्द मुद्दाम बदलत, नाहीतर परक्याला सांकेतिक लिपी फोडायला मजकूर आयता मिळाला असता. म्हणून अशा पुस्तिकेतल्या तारेतल्या एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा करू नका. क्रमांकात ‘सीडी’ दिसलं तर १९१८ पर्यंतचं, ‘सीएमडी’ १९१९ ते १९५६, ‘सीएमएनडी’ त्यानंतरचं. एक अक्षर चुकलं की दुसराच कागद हाती येतो.

मूळ फायली लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मंत्रिमंडळाची इतिवृत्तं आणि टिपणं (‘कॅब २३’ आणि ‘कॅब २४’) घरबसल्या उतरवून घेता येतात. परराष्ट्र खात्याचा राजकीय पत्रव्यवहार ‘एफओ ३७१’ मध्ये. त्यातल्या कागदावर एक अक्षर आणि तीन आकडे असतात. अक्षर विभागाचं: ‘सी’ मध्य युरोप, ‘एफ’ अतिपूर्व, ‘एन’ रशियाकडचा उत्तर विभाग. पहिला आकडा त्या कागदाचा, दुसरा फाइलचा, तिसरा देशाचा; जर्मनीचा १८. दिल्लीत जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हिंदुस्थान सरकारची बाजू आहे आणि ‘अभिलेख पटल’वर पुष्कळ काही दिसतं. तिथे शोधताना खात्याचं नाव लक्षात ठेवा: १९३७ पर्यंत ‘फॉरेन अँड पोलिटिकल’. त्यानंतर दोन तुकडे झाले, परदेशांसाठी ‘एक्स्टर्नल अफेअर्स’ आणि संस्थानांसाठी ‘पोलिटिकल’. १९३८ चा होळकर दरबारचा कागद पहिल्यात शोधत बसलात तर दिवस वाया जाईल.

फाइल उघडल्यावर आतला खलिता किंवा तार आधी वाचू नका, वेष्टनावरचे शेरे वाचा. ते हुद्द्याने खालून वर चढतात: आधी कनिष्ठ अधिकारी, मग विभागप्रमुख, मग सचिव, शेवटी मंत्री. शेवटचा शेरा म्हणजे निर्णय, पण तर्क बहुतेक वेळा पहिल्या दोन शेऱ्यांत असतो. तार कधी निघाली आणि कधी पोचली या दोन्ही वेळा टिपून घ्या. ऑगस्ट १९३९ च्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन तासांच्या फरकाने अर्थ उलटतो. आणि शेऱ्याखालच्या आद्याक्षरांवर लगेच भरवसा ठेवू नका. ‘ए. सी.’ ही अक्षरं ऑस्टेन चेंबरलेन यांची, आणि अलेक्झांडर कॅडोगन यांचीही. कॅडोगन १९३८ पासून खात्याचे सर्वोच्च सचिव, पण १९२० च्या दशकातही ते राष्ट्रसंघाचं काम बघत त्याच इमारतीत होते. जून १९२९ नंतरची तारीख असेल तर ऑस्टेन नव्हेत. त्याआधीची असेल तर हस्ताक्षर ताडून बघा.